सहा पाळणे, एक मूठ

कॅलेंडरचं ते पान वीस दिवस कयलच्या पर्समध्ये होतं. रोज एक फाडायचं, तसल्या कॅलेंडरचं, तळहाताएवढं. पुढच्या बाजूला तारीख आणि राहुकाळ, मागच्या कोऱ्या बाजूला अप्पांचं अक्षर. अक्षर नेहमीचंच, टपोरं; फक्त ओळी उजवीकडे खाली घसरत गेल्या होत्या. एकाखाली एक अशा चार.

पाळणे सहा.
एक एचपी.
रिकामा पाळणा.
एक मूठ.

अप्पांनी हे सेलमच्या इस्पितळात लिहिलं, जाण्याच्या चार दिवस आधी. डोक्यातली गाठ तोवर इतकी वाढली होती की ते नर्सबाईंना तहसीलदार समजून शेतसाऱ्याबद्दल बोलत आणि कयलला आपली आई समजून पाणी मागत. पान तिच्या हातात देऊन म्हणाले, "अय्यावूला सांग. वाट बघत असेल."

तेवढं वाक्य मात्र सरळ होतं. अय्यावू गौंडर खरोखरच वाट बघत होते.

आत्तूरच्या अलीकडे त्यांची साबुदाण्याची गिरणी. अप्पांचं त्यांच्याकडे चाळीस वर्षांचं जाणं-येणं. अप्पांचं नाव माणिक्कवेल, पण सेलमपासून आत्तूरपर्यंत सगळे त्यांना मोटर-वाद्यार म्हणत, म्हणजे मोटरींचे मास्तर. कुठल्या यंत्राला किती एचपीची, म्हणजे किती घोड्यांच्या ताकदीची मोटर लावायची, हे ते सांगत. एवढंच त्यांचं काम. यंत्राभोवती दोन फेऱ्या मारायचे, पट्टा काढून हाताने पुली फिरवून बघायचे, कामगारांच्यात बसून चहा प्यायचे आणि उठताना एक आकडा सांगायचे. तो आकडा मालकाच्या मनातल्या आकड्यापेक्षा नेहमी लहान असे. मालकाचं तोंड उतरे. लहान मोटर म्हणजे मालकाला आपली गिरणीच लहान झाल्यासारखी वाटे.

यंदा वीज दिवसातून आठ-आठ तास जात होती. अय्यावूंच्या गिरणीत सहा पाळणे, प्रत्येकाला पाच एचपीची जुनी मोटर. जनरेटरवर त्यातल्या दोनच उठत. बाकी चार पाळण्यांसमोर ओलं पीठ पडून राही, आणि ओल्या पिठाला दुपारपर्यंत आंबूस वास यायला लागे. म्हणून त्यांनी अप्पांना विचारलं होतं, वाद्यार, कमीत कमी किती एचपीवर भागेल?

कयलने इस्पितळाच्या जिन्यातून फोन लावला आणि पहिल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. पुढच्या दोन वाचल्या नाहीत.

त्या तिला मोटरीच्या वाटल्याच नव्हत्या. आयुष्यभर पुस्तकं वाचलेली बाई ती. रिकामा पाळणा, एक मूठ, असं मरणाच्या दारातल्या माणसाने लिहिलं, तर त्याचा अर्थ तिला निराळा सांगावा लागत नव्हता. चार दिवसांनी स्मशानात तिने अप्पांच्या ओठांवर मूठभर तांदूळ ठेवले, तेव्हा त्या ओळी तिला शब्दशः आठवल्या. त्या तिच्यासाठी होत्या. गिरणीला त्यांचं काय?

सोळाव्या दिवसाचं कार्य झालं आणि दुसऱ्याच दिवशी अय्यावूंचा फोन आला.

"कण्णू, बाळ, मोटरींची ऑर्डर आज जायला हवी. सगायराज चारच्या बसने कोइमतूरला निघतोय. तू येऊन जा एकदा."

"मामा, आकडा सांगितला होता ना मी?"

पलीकडे अय्यावूंनी आवाज खाली घेतला.

"सांगितला होतास. म्हणूनच ये म्हणतो. वाद्यारांच्या आकड्यावर काट मारायची, ती मी नाही मारणार. तू मार."

---

सगायराज फाटकातच उभा होता. गिरणीचा इलेक्ट्रिशियन, एके काळचा अप्पांचा चेला, आता केसांत पांढरं आलेला; कयलला तो धाकट्या बहिणीच्या नात्याने तंगच्ची म्हणे.

"ये तंगच्ची. खाल्लंस काही? बोंडा आहे, कालचा असला तरी आजच्यासारखा लागतो."

"अण्णा, तुम्ही ती एकची मोटर लावून बघितली होती का?"

त्याने नजर बाजूच्या अंगणाकडे नेली. तिथे सिमेंटवर साबुदाणा वाळत पडला होता, डोळे दिपतील असा.

"बघितली. वाद्यारांनीच कार्तिकात एक नवी पाठवली होती ना, गोणीत घालून, चिठ्ठी नाही की निरोप नाही. तीच लावली. बटण दाबलं, घुंऽऽ केलं आणि तशीच उभी. पाळणा बोटभर हलला नाही. तीन वेळा केलं. चौथ्यांदा वास यायला लागला तसं बंद केलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू तेव्हा इस्पितळात होतीस. काय सांगू, तुझ्या बापाचं चुकलं म्हणून?"

कोइमतूरच्या एका पंपांच्या कारखान्यात कयल चाचणी-विभाग सांभाळत होती. रोज मोटरी जोखणं हेच तिचं काम. तिला कोणी विचारलं असतं, तर तिने या पाळण्याला तीनची लिहिली असती. सगळ्यांनीच तीनची लिहिली असती. अप्पांनी एक लिहिलं. चाळीस वर्षांत त्यांची मोटर कधी कमी पडली नव्हती आणि आता पडली, तर त्याचा अर्थ एकच होता. गाठ कार्तिकातही असणारच; ती मोटर पाठवताना आणि त्या पानावर लिहिताना अप्पा नव्हतेच तिथे. आधीच निघून गेले होते. मग ती चार दिवस ज्यांचा हात धरून बसली होती, ते कोण होतं?

हे तिला आज कळायला हवं होतं. ऑर्डर काय, कोणीही लिहिली असती.

"वीज कधीपर्यंत आहे?"

"बारापर्यंत."

"मग पाच पाळणे बंद करा. दिवे, पंखे, सगळं. एकच चालू ठेवा."

सगायराज हसला. "मीटरच्या चकतीचे फेरे मोजणार? अगदी वाद्यारांची लेक!"

---

पाळण्यांची शेड तशीच होती. लांब, बुटकी, पिठाने पांढरी झालेली. आढ्याला टांगलेले सहा पाळणे. लोखंडी चौकटीत जाड कापडाची झोळी, घरातल्या बाळाच्या झोळीसारखीच, फक्त माणूस झोपेल एवढी. साबुकंदांचं पिठाळ दूध टाक्यांत साचवून, निवळून, खाली बसलेला घट्ट गोळा कुदळीने फोडायचा, चुरायचा आणि तो ओला चुरा या झोळीत घालून हलवायचा. बाकी काही नाही. साचा नाही, छाप नाही. नुसता झोका द्यायचा, आणि चुऱ्याचे कण एकमेकांवर लोळत लोळत गोल होत जातात. चुरा घातला, झोका दिला आणि मोती काढले. कयलने हे शेकडो वेळा बघितलं होतं. आजही ती क्षणभर हातातलं काम विसरून बघत राहिली.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि पाळणे हाताने हलवत. एका टोकाला पावायी, दुसऱ्या टोकाला तिचा नवरा सेंगोडन. अप्पांनी त्या दोघांना पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं, झोळीला ताणकाटा अडकवला, मनगटावरचं घड्याळ काढून कयलच्या हातात दिलं आणि म्हणाले, झोके मोज. तिने मोजले. अप्पांनी विटेवर खडूने गणित मांडलं.

"दोघं मिळून पाव घोडा," अप्पा म्हणाले. "पावालाही जरा कमीच."

सेंगोडनने झोळी सोडून कमरेवर हात ठेवले. "आम्ही दोघं? दिवसभर राबून? पाव घोडा?"

"दिवसभर राबून म्हणूनच. घटकाभर तू अर्धा घोडाही होशील."

"वाद्यार, मग मालकांना सांगा, चणे तरी घोड्याच्या हिशोबाने द्या!" सगळी शेड हसली होती.

कयल हसली नव्हती. ती त्या दोघांच्या काटकुळ्या दंडांकडे बघत होती. एवढीशी ताकद, आणि तिच्यातून सकाळपासून अंगणभर मोती. घरी जाताना सायकलच्या दांड्यावर बसून तिने विचारलं, "अप्पा, इतक्या कमी ताकदीत कसं होतं?"

"पाळणा स्वतःच परत येतो ना गं. तो परत येताना आपण फक्त त्याला थांबवायचं नाही. ताकद थोडी पुरते, वेळ साधावी लागते."

---

शेडच्या भिंतीवर जुना मीटर होता, काचेआड फिरणाऱ्या चकतीचा. चकतीवर एक लाल खूण. खाली कोरलेलं: दोनशे चाळीस फेऱ्यांना एक युनिट. कयलने आधी पट्टा काढायला लावला. नुसती मोटर, मोकळी. पाच मिनिटांत लाल खूण सहा वेळा समोरून गेली. मग पट्टा चढवला, पाळणा गळ्यापर्यंत भरला, चालू केला, आणि त्याची लय बसल्यावर पुन्हा पाच मिनिटं. सोळा.

तिने पुन्हा मोजलं. सोळा.

सोळातून सहा गेले, दहा. पाच मिनिटांत दहा, तासात एकशेवीस. म्हणजे अर्धं युनिट. तिने ते एचपीत बसवलं आणि पेन तसंच कागदावर टेकवून ठेवलं.

"किती?" सगायराजने तिच्या खांद्यावरून डोकावलं.

"एकाच्या आतच. पाऊणही नाही."

"पाचची मोटर लावलीय आणि पाळणा पाऊणही मागत नाही?"

"मोटर मागितलं तेवढंच देते, अण्णा. पाचची असो की पन्नासची. बाकीची ती नुसती जागी राहायला खाते."

हे वाक्य आपलं नव्हे, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. सगायराजलाही कळलं असावं. त्याने फक्त मान डोलावली.

काचेआड ती चकती अजून सावकाश फिरत होती. दीड क्विंटल ओलं पीठ इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि त्याची किंमत एवढीच. एका पातळ पत्र्याच्या चकतीचं सावकाश फिरणं. अप्पांकडे मीटर बघायची वेळच आली नव्हती. कार्तिकात ते आले तेव्हा वीज नव्हती, असं अय्यावू म्हणाले होते. म्हणजे त्यांनी हा आकडा नुसता बघून काढला. पंचवीस वर्षांपूर्वीचे दोन माणसांचे दंड, त्यांचा पाव घोडा, झोळी आता तिप्पट मोठी. एवढ्यावरून.

"चालताना पुरेल, तंगच्ची," सगायराज हळूच म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतो? पण उठताना? उभ्या पाळण्याला पहिला धक्का द्यायला एकची नाही पुरत. माझ्या डोळ्यांदेखत नाही पुरली. वाद्यार नीट असते, तर त्यांनी उठण्याचा विचार केला असता. ते आधी तोच करत."

त्याचं खरं होतं. आणि तेच तिला नको होतं.

---

बाराला वीज गेली. सगळी गिरणी एकदम गप्प झाली, तशी अंगणातली कबुतरं ऐकू यायला लागली. बायका डबे घेऊन भिंतीच्या सावलीत बसल्या. पावायी अक्काने कयलला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं आणि पेल्यात बाजरीची आंबील ओतली, वर ताकातली तळलेली मिरची. पावायी आता साठीची. सेंगोडन गेल्याला दहा वर्षं झाली होती. पाळण्यांवर तिचंच राज्य होतं. तिने हात लावून ओलावा बघितल्याशिवाय पीठ झोळीत जात नसे.

"खा गं, कण्णू. बाप गेल्यावर पोट मागे राहतंच." ती स्वतः भुरके मारत म्हणाली, "ही पोती कुठं चाललीत ठाऊक आहे? पुण्याकडं. तिथले लोक हे उपासाला खातात म्हणे."

"खातात."

"शेंगदाणे, तूप घालून?"

"हो, आणि बटाटाही."

"मुरुगा! मग उपास नसतो त्या दिवशी काय खातात?"

कयलला हसू आलं. वीस दिवसांत पहिल्यांदा. ते अर्ध्यात ओलं झालं, तशी पावायीने दुसरीकडे बघून मिरची चावली.

मग जनरेटर सुरू झाला. अय्यावू स्वतः पेल्यातला चहा सांभाळत शेडमध्ये आले. "बघ, कण्णू. दोन पाळण्यांचा तमाशा बघ. तिसरा लावला की हा म्हातारा बसतो," ते जनरेटरकडे हात करून म्हणाले.

पावायी उठून पहिल्या पाळण्यापाशी गेली. तिने दोघींना हाक मारली. तिघींनी मिळून टोपल्यांनी झोळी भरली, अगदी काठोकाठ. पावायीने झोळीच्या कडेला स्पर्श करून ती बोटं डोळ्यांना लावली आणि मग सगायराजकडे बघून मान हलवली. सगायराजने बटण दाबलं. जनरेटर कण्हला, दिवे मंद झाले, पट्टा किंचाळला, आणि भरलेला पाळणा एक हिसका खाऊन हलला.

कयल बघत होती. काहीतरी तिच्या डोळ्यांपुढून गेलं होतं आणि ते काय, हे तिला सांगता येत नव्हतं.

"अक्का, तुम्ही आधीच का भरता?"

"म्हणजे?"

"चालू झाल्यावर का नाही भरत? चालत्या झोळीत पीठ टाकता येत नाही का?"

"येतं की. न यायला काय झालं?"

"मग?"

पावायीने तिच्याकडे असं बघितलं, जसं शहरात राहिलेल्या मुलीकडे बघतात.

"रिकामा पाळणा कोण हलवतं गं, कण्णू?"

कयल जागच्या जागी उभी राहिली.

तिला आजीचा आवाज आठवला. घरातल्या रिकाम्या झोळीला तिने लहानपणी झोका दिला, तेव्हा हातावर बसलेली चापट. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाला बाधतं. हे साऱ्यांना माहीत होतं. इतकं माहीत होतं, की या शेडमध्ये पंचवीस वर्षं कोणी ते बोललंही नव्हतं. पाळणे यंत्रावर आले, मोटरी बसल्या, पट्टे आले, आणि तरी प्रत्येक वेळी बटण दाबायच्या आधी बायकांनी झोळी भरली. हाताने हलवायचे तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं. हात आधी वीतभर झोका देतो, मग हातभर, मग मोठा. मोटरीला ते येत नाही. ती पहिल्याच फेऱ्याला पूर्ण झोका मागते, आणि तोही भरलेल्या झोळीचा. म्हणून पाच. तो पाच एचपी यंत्राचा नव्हताच. त्या चापटीचा होता.

तिने पर्समधून पान काढलं. ते भिंतीवर दाबून धरलं.

"अण्णा, मी तुम्हाला यातल्या दोन ओळी वाचून दाखवल्याच नव्हत्या."

सगायराजने वाचलं. ओठ हलवत, दोनदा. एक एचपी. रिकामा पाळणा. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं तंगच्ची! मोकळा उठवायचा आणि मग भरायचा! कोइमतूरला हेच शिकवतात का तुम्हाला? अर्धं वाचायला?"

"मला वाटलं, ते..." तिने पान भिंतीवरून काढलं. "मला वाटलं, ते वेगळं काहीतरी आहे."

अय्यावूंनी पान हातात घेतलं, चष्मा वर केला. "आणि ही मूठ कसली?"

"ती राहू दे, आधी मोटर बसवतो," सगायराज म्हणाला.

---

एकची मोटर पुन्हा बसवायला सगायराजला अर्धा तास लागला. तिसऱ्या पाळण्याला, जनरेटर जिथे हमखास बसतो तिथे. पुली आधीचीच होती. पाचच्या जागेवर ती इतकी इवलीशी दिसत होती, की एक बाई पदर तोंडाला लावून हसली.

"आता झोळी रिकामी ठेवा," सगायराज म्हणाला आणि बटणाकडे वळला.

"हात लाव बघू त्याला!"

पावायी झोळी धरून उभी होती. दोन्ही हातांनी.

"अक्का, एक मिनिटभर फक्त. चालू झाली की लगेच भरू."

"एक मिनिट नाही आणि अर्धं नाही. माझी सून सातव्यात आहे. ह्या शेडमधल्या तिघींच्या घरी पोटुशी बाया आहेत. मोटर बसली नाही तर हातानं हलवीन मी, अजून दंड आहेत माझे. रिकामा पाळणा मी जिवंत असेतो हलायचा नाही."

"अहो अक्का, हे यंत्र आहे, बाळाचा पाळणा आहे का?" सगायराज वैतागला.

"तुम्ही त्याला काय म्हणता?"

"पाळणा."

"मग?"

अय्यावू जमिनीकडे बघत राहिले. मालक असूनही ते यात पडणार नव्हते. त्यांनाही नात होती. सगायराजने घड्याळ बघितलं. अडीच.

कयल पावायीपाशी गेली. तिला आता वाद घालायचा नव्हता. अप्पा इथे कार्तिकात आले होते, वीज नव्हती, आणि ते या बायकांत बसून चहा प्यायले होते, एवढंच तिला माहीत होतं. पण अप्पांचं निम्मं काम त्या चहातच होत असे.

"अक्का, अप्पा आले होते तेव्हा तुमच्याशी काही बोलले का? पाळण्याबद्दल?"

पावायीची पकड सैल झाली नाही, पण चेहरा बदलला. "बोलले की. तुझ्या बापाचं आपलं काहीतरीच असायचं. मला म्हणाले, 'पावायी, पाळण्यात किती असलं म्हणजे तो रिकामा नाही?'"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी हसले. म्हटलं, वाद्यार, देव काय काटा घेऊन बसलाय होय तोलायला? एक मूठ असली तरी..."

ती थांबली. पहिल्या दोन पाळण्यांचे झोके तेवढे ऐकू येत होते.

"एक मूठ असली तरी भरलेलाच म्हणायचा," पावायीने सावकाश वाक्य पुरं केलं. "मला म्हणाले, 'बघ हं, फिरायचं नाही शब्दावरून.'"

कयलने पान पुढे केलं. पावायीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं. पावायीने झोळी सोडली. त्या घसरत गेलेल्या अक्षरांवर तिने आपलं पिठाळ बोट एकदा फिरवलं, आणि त्याचा पांढरा पट्टा कागदावर राहिला.

इस्पितळातल्या त्या खाटेवर अप्पा सगळ्यांना विसरले होते. लेकीला, तारखेला, स्वतःच्या घराला. यंत्र विसरले नव्हते. यंत्राच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने काय कबूल केलं, तेही विसरले नव्हते. पहिल्या दोन ओळींत यंत्र बसवलं होतं, तिसरीत ते उठवायची युक्ती, चौथीत रीत न मोडता काढलेली वाट. कयलने त्या ओळींत मरण वाचलं होतं. त्यांत मरणाचा एक शब्दही नव्हता. त्यांत उद्याचं काम होतं. तिने आजवर वाचलेल्या कशानेही तिला असं लहान केलं नव्हतं, आणि असं लहान होणं इतकं बरं वाटेल, हे तिला ठाऊक नव्हतं.

पावायीने टोपलीतून मूठभर पीठ घेतलं. एखाद्या बाळाला ठेवावं तसं ते झोळीच्या मधोमध ठेवलं, कडेला हात लावून बोटं डोळ्यांना लावली.

"हं. आता उठव."

सगायराजने बटण दाबलं.

घुंऽऽ झालं. मग पट्टा सरकला, पाळण्याचं जड चाक फिरलं, आणि झोळी मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे. दिवे मंद झाले नाहीत. जनरेटर खोकलासुद्धा नाही. पाच-सहा झोक्यांत चाकाने वेग धरला, आणि मग पाळणा असा हलायला लागला, जसा कोणी हलवतच नाहीये.

"टाका!" पावायी ओरडली.

पहिली टोपली पडली. दुसरी. तिसरी. सगायराजने वायरीला चिमटा-मीटर लावून धरला होता आणि प्रत्येक टोपलीला आकडा मोठ्याने सांगत होता, लिलावात सांगतात तसा. मोटरीच्या पाटीवर एक पूर्णांक आठ दशांश अँपिअर लिहिलं होतं. झोळी गळ्यापर्यंत भरली तेव्हा काटा दीडवर होता, आणि तिथेच राहिला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अय्यावूंच्या पेल्यातला चहा निवून गेला होता. एक इवलीशी मोटर, तिच्यासमोर दीड क्विंटल पीठ, आणि पीठ लोळत होतं, उमलत होतं. त्याच्या कडेने पहिले दाणे वर यायला लागले होते. कयलने मोटरीवर तळहात ठेवला. उबदार होती, तापलेली नाही. अप्पाही असाच हात ठेवत आणि थोडा वेळ काही बोलत नसत. ते तेव्हा काय ऐकत असत, हे तिला आज पहिल्यांदा थोडंसं ऐकू आलं.

"सवातीन," सगायराज हळूच म्हणाला. त्याने ऑर्डरचा कागद तिच्यापुढे धरला. मोटरींच्या ओळीत तीन एचपी लिहून ठेवलेलं होतं. "काट मार आता."

तिने तीनवर काट मारली आणि वर एक लिहिला.

"आणि नग? सहा?"

कयलने पाळण्याकडे बघितलं. पावायी झोळीच्या कडेशी उभी राहून नवे दाणे बोटांत घोळवत होती.

"पाच," ती म्हणाली. "सहावी अप्पांनी पाठवलीय."